राउलीहून नऊ बत्तीस

ओल्ड हिलचा रेल्वेपूल मागे पडला तेव्हा माझ्या घड्याळात आठ पन्नास झाले होते, आणि एनिडबाई ट्रोमन्स त्या सकाळी पहिल्यांदा थांबल्या. एका घराच्या बुटक्या भिंतीवर त्यांनी हात टेकला आणि दुसऱ्या हाताने कोटाची बटणं उगाचच चाचपली.

“दम लागला का?” मी विचारलं.

“दम कसला? तुझ्यासाठी थांबले, बॅब. बदकासारखी चालतेस. शेजाऱ्यांनी बघितलं तर मलाच नावं ठेवतील.”

मी त्यांच्यापेक्षा बावीस वर्षांनी लहान. पण बॅब म्हणजे बाळ, आणि बर्मिंगहॅमजवळच्या आमच्या क्रॅडलीत पाव विकणारी बाई ऐंशी वर्षांच्या आजोबांनाही बॅबच म्हणते. एकतीस वर्षं त्यांच्या शेजारच्या दारात राहून मलाही तेच नाव पडलं. सुमन हे नाव त्यांना फक्त ख्रिसमसचं कार्ड लिहिताना लागायचं.

“बेचाळीस मिनिटं उरलीत,” मी म्हणाले.

“ठाऊक आहे. चल.”

आम्हाला नऊ बत्तीसला राउली स्टेशनातून सुटणारी गाडी गाठायची होती. हीच गाडी नऊ चोवीसला आमच्या क्रॅडलीतून सुटते, घरापासून चार मिनिटांवरच्या फलाटावरून. तरीही आम्ही आठ दहाला दाराला कुलूप लावून तीन मैल चढाच्या रस्त्याने पायी निघालो होतो. एनिडबाईंचं म्हणणं होतं की दोन वर्षं दर मंगळवारी त्या अशाच चालत राउलीला जातात. रेल्वे कंपनीचं म्हणणं होतं की जात नाहीत. येत्या गुरुवारी कोर्टात याचा निकाल होता. एकोणऐंशीव्या वर्षी तिकीटचोर म्हणून त्यांचं नाव लागणार की नाही, एवढाच प्रश्न होता, पण तो त्यांच्या मानगुटीवर बसला होता.

हे सगळं घड्याळाचं भांडण आहे. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना फुकट पास मिळतो. बसला चालतो आणि आमच्या भागात गाडीलाही चालतो, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतर. त्याआधी कामाला जाणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा गाडी महाग. तिकीट काढणाऱ्यांनाही तसंच. गर्दीच्या वेळेचं तिकीट वेगळं, गर्दी सरल्यावरचं वेगळं. मग नऊ पंचवीसला म्हातारे बसच्या पायरीशी उभे राहून विचारतात, “मी टू अर्ली तर नाही ना?” म्हणजे, फार लवकर तर नाही ना आलो? रोज रोज ऐकून ड्रायव्हरांनी त्या टू अर्लीचं ट्वर्ली करून टाकलंय. “आल्या बघा ट्वर्ल्या,” असं म्हणतात आणि दार बंद करून घेतात.

हा शब्द मी पहिल्यांदा एनिडबाईंच्याच तोंडून ऐकला. एकोणतीस वर्षं त्या क्रॅडलीच्या तिकीटखिडकीत बसत. कुठलं तिकीट कुठल्या गाडीला चालतं, जाताना कधी आणि येताना कधी, सुट्टीच्या सोमवारी काय, हे त्यांना पाठ होतं, जसं माझ्या आईला मनाचे श्लोक पाठ होते. खिडकीतलं घड्याळ त्या रोज फोनवरच्या वेळेशी लावून घेत. नऊ एकोणतीसला कुणी स्वस्त तिकीट मागितलं तर हात बांधून बसत. “एक मिनिट, ट्वर्ली,” म्हणत. मिनिटभर दोघंही एकमेकांकडे बघत बसत आणि काटा सरकला की तिकीट निघे. लोक चिडत. पण चुकीचं तिकीट एनिडने दिलं, असं कुणी कधी म्हणालं नाही.

नोकरी सुटल्यावर ही खिडकी त्यांच्या स्वयंपाकघरात आली. गल्लीतलं कुणीही प्रवासाला निघालं की आधी एनिडबाईंकडे. माझे यजमान लंडनच्या इस्पितळात होते त्या वर्षी मी पहिल्यांदा एकटी गेले. येताना संध्याकाळी पाच वाजता फाटकाशी मला अडवलं. तिकीट खरं होतं, वेळ खोटी होती. मी रडत एनिडबाईंना फोन केला. पुढच्या खेपेला एनिडबाईंनी माझ्या पिशवीत चिठ्ठी टाकली. “संध्याकाळी चार ते सात गाडीत चढायचं नाही. चहा पी. कुणी हाका मारल्या तरी पळू नकोस.” ती चिठ्ठी माझ्या देवघराच्या फडताळात अजून आहे.

त्यांनीच मला मुख्य गोष्ट शिकवली होती. “गाडी कुठून निघाली ते बघायचं नाही, कुठे जाते तेही बघायचं नाही. तू कुठे चढलीस आणि तिथून ती किती वाजता सुटली, एवढंच. तीच गाडी, तोच डबा. क्रॅडलीला चढलीस तर महाग, राउलीला चढलीस तर फुकट.”

आणि हेच त्यांच्या मंगळवारचं गुपित होतं. त्यांची धाकटी बहीण हिल्डा बर्मिंगहॅमला एका वृद्धाश्रमात असते. तिला आता कुणी ओळखू येत नाही. फक्त मंगळवारी सव्वादहाला तिथे पियानोवर जुनी गाणी होतात, पाऊण तास. त्या पाऊण तासात हिल्डाला शब्द आठवतात, आणि शब्दांबरोबर एनिडही आठवते. गाणं संपलं की पुन्हा सगळं पुसलं जातं. फक्त या एकाच गाडीने सव्वादहाची वेळ साधते. पुढची अर्ध्या तासाने. तिने गेलं तर शेवटची दोन गाणी मिळायची.

“मग त्या एका दिवशी तिकीट काढत जा ना,” मी एकदा म्हणाले होते. “मी देते हवं तर.”

त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी चहाचा कप विसळायला उठले. “पैशांचं नाही, बॅब. एकोणतीस वर्षं मी लोकांना सांगितलं, नियमात बसतं तिथे जादा दमडी देऊ नका. आता मीच देऊ? पाय आहेत मला.”

जूनमध्ये गाडीत तपासणीस आला. पन्नाशीचे सरदारजी, भोगल नावाचे. पास बघून त्यांनी विचारलं, कुठे चढलात? बाईंनी सांगितलं, राउलीला. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि पास परत दिला. तीन आठवड्यांनी पत्र आलं. तपासणीस ओल्ड हिलला, म्हणजे राउलीच्या आधीच्या स्टेशनात, चढले तेव्हा सदर प्रवासी आधीच आसनावर होत्या. दंड भरा आणि मिटवा, नाहीतर कोर्ट. बाईंनी चार पानी उत्तर लिहिलं. मी दोन वर्षं चालत जाते, त्या दिवशीही गेले, तुमचा माणूस चुकतोय. मग कोर्टाची तारीख आली.

त्यांना साक्षीदार हवा होता. त्या वयाची बाई एवढं चालू शकते, हे डोळ्यांनी पाहिलेलं कुणीतरी.

“तू चल या मंगळवारी,” त्या म्हणाल्या. “घड्याळ लाव. तू देवळात जातेस, तुझं ते ऐकतील. तुमच्यात हात कशावर ठेवतात?”

“गीतेवर.”

“मिळते तिथे. मी फोन करून विचारलंय.”

“एनिडबाई, मी जे बघेन तेवढंच सांगेन हं.”

“मग काय, न बघितलेलं सांगणार आहेस?” त्या फटकन म्हणाल्या. पण माझ्याकडे न बघता.

म्हणून आम्ही चालत होतो. माझा मंगळवारचा उपास, त्यामुळे पोटात फक्त दूध. मनात नाम चालू ठेवलं होतं, पावलागणिक एक. पण दर चार नामांनंतर डोळा घड्याळाकडे जायचा आणि मोजणी चुकायची.

ओल्ड हिलच्या रस्त्यावर रॉय डनचं पावाचं दुकान लागतं. रॉय दाराच्या फळ्या काढत होता. बाईंना बघून त्याने हातातली फळी खालीच ठेवली.

“एनिड! जिवंत आहेस?”

“तुझे पाव खाऊनही.”

“अगं, ईस्टरपासून पत्ता नाही तुझा. दर मंगळवारी खिडकीतून शिव्या घालून जायचीस. मी बायकोला म्हटलं, गेली वाटतं. फुलांना वर्गणी काढणार होतो.”

“काढ आणि तूच ठेव. आमची गाडी आहे.”

त्या हसल्या, पण पुढे निघताना त्यांची काठी फुटपाथच्या कडेवर चुकीची पडली. मी दंड धरला. त्यांनी सोडवून घेतला.

ईस्टर एप्रिलमध्ये होता. सरदारजी भेटले जूनमध्ये.

डोक्यात एकेक मंगळवार मोजला जात होता. रॉय म्हातारा आहे, विसरत असेल. दुसऱ्या बाजूच्या फुटपाथने जात असतील. पाऊस असेल तेव्हा. माणूस आपल्या माणसासाठी किती पळवाटा शोधतो! नाम कधीच सुटलं होतं.

वॉटरफॉल लेनचा चढ सुरू झाला. ज्याने तो बघितला नाही त्याला एवढंच सांगते, सायकलवाले तिथे उतरून चालतात. नऊ वाजून तीन मिनिटं. बाईंचा डावा पाय आता मागून ओढल्यासारखा येत होता. दर दहा पावलांवर त्या थांबत आणि थांबण्याला काहीतरी कारण देत. कुणाच्या खिडकीतले पडदे बघत, कुणाच्या मांजराला हाका मारत.

“हे मांजर हॉर्टनांचं. लबाड आहे.”

“एनिडबाई.”

“काय?”

“रॉय काय म्हणाला?”

“रॉय पाव भाजतो. त्याला काय कळतंय?”

“ईस्टरपासून तुम्ही या रस्त्याने...”

“चालायचंय की चौकशी करायचीय?” त्या अशा ओरडल्या की मांजर कुंपणाखाली पळालं. “साक्षीदार हवा होता मला, फौजदार नव्हे! नऊ बत्तीसच्या आत पोचायचंय. पोचल्यावर विचार काय विचारायचं ते.”

एकतीस वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मला राग आला नाही, भीती वाटली. कारण गीतेवरचा हात माझा असणार होता. आणि त्या हाताखाली त्या सरदारजींचंही नाव येणार होतं. मी “हो, या चालू शकतात” असं म्हटलं की उरलेलं वाक्य मॅजिस्ट्रेट स्वतःच पूर्ण करणार, म्हणजे तपासणीस खोटं बोलतो. न बोललेलं खोटंही आपल्याच खात्यावर लागतं, असं आमचे शाळेतले जोशी मास्तर म्हणायचे.

चढ संपला तेव्हा नऊ एकोणीस. आता रस्ता सपाट, पण बाईंच्या ओठांचा रंग गेला होता.

“बसू या दोन मिनिटं,” मी म्हणाले. “गाडी गेली तर गेली.”

“नाही जाणार.”

“पुढच्या गाडीने जाऊ.”

“पुढच्या गाडीने हिल्डा मला ‘मॅडम’ म्हणते.”

मी त्यांची पिशवी घेतली, त्यांनी माझा दंड घेतला. या वेळी सोडला नाही. त्यांचं सगळं वजन माझ्या उजव्या बाजूला आलं होतं आणि ते फारसं नव्हतं. आम्ही तीन पायांच्या जनावरासारख्या चालत होतो. नऊ चोवीस झाले तेव्हा त्या पुटपुटल्या, “क्रॅडलीला दार लागलं.” नऊ सत्तावीसला, “ओल्ड हिल.” त्यांना घड्याळ बघावं लागत नव्हतं. एकोणतीस वर्षांत ती गाडी त्यांच्या अंगात भिनली होती.

राउलीचा पूल दिसला आणि मागून रुळांचा आवाज आला. मी धावू शकत होते. मी पुढे पळत जाऊन दार धरून उभी राहिले असते तर गार्डने अर्धं मिनिट दिलंही असतं. पण मी दंड सोडला असता तर त्या तिथेच बसल्या असत्या, हे दोघींनाही कळत होतं. आम्ही पुलाच्या कठड्याशी पोचलो तेव्हा गाडी फलाटाला लागलेली होती. लोक चढले. दारं मिटली. लाल दिवे बर्मिंगहॅमकडे गेले. आम्ही वरून बघत राहिलो.

खाली फलाटावर यायला अजून दोन मिनिटं लागली. बाक ओला होता. मी माझी ओढणी पसरली आणि त्यांना बसवलं.

“किती वाजले?” त्यांनी विचारलं.

“नऊ पस्तीस.”

“कोर्टात किती सांगशील?”

“नऊ पस्तीस.”

त्यांनी मान हलवली. समोरच्या फलाटाकडे बघत बसल्या. तिथे एक म्हातारं जोडपं पास हातात धरून उभं होतं. दोघं बोर्डावरची वेळ परत परत वाचत होती.

“आम्ही साडेनऊच्या आत खिडकी उघडून अशांना हसायचो,” त्या म्हणाल्या. “ट्वर्ल्या आल्या म्हणून. एकदा एक बाई आली, नऊ अठ्ठावीसला. बाप शेवटच्या घटका मोजत होता तिचा. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा किंवा महागाचं घ्या. तिच्याजवळ तेवढे नव्हते. ती थांबली. तिची गाडी गेली. मी नियमाने बरोबर होते, बॅब. त्या रात्री मला झोपही छान लागली.”

मी त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावलं.

“ईस्टरच्या आधी खुबा गेला माझा. डॉक्टर म्हणाले, चालायचं कमी. मी एक मंगळवार घरी बसले. मग दुसऱ्या मंगळवारी मी क्रॅडलीच्या फलाटावर गेले, म्हटलं, तिकीट काढू. यंत्रापुढे उभी राहिले, आणि हात पिशवीत जाईना. अकरा वर्षांची पोर असल्यासारखं वाटलं. हरल्यासारखं. गाडी आली, मी चढले. मनात म्हटलं, तपासणीस येईपर्यंत साडेनऊ वाजून जातील, कुणाला कळतंय कुठे चढले? कुणालाच कळलं नाही. मग पुढचा मंगळवार. मग पुढचा. दहा मंगळवार झाले, बॅब. अकराव्याला तो आला.”

“आणि तुम्ही राउली म्हणालात.”

“तोंडातून निघालं. विचार करायच्या आधी. दोन वर्षं खरं होतं ना ते, म्हणून जिभेला सवय झालेली.” त्यांनी काठीच्या टोकाने फलाटावरची पिवळी रेघ उगाच घासली. “त्याचं वाईट नाही वाटत. वाईट हे वाटतं की त्या माणसाने मला ‘आंटीजी, संभाल के’ म्हटलं, उतरताना हात दिला. आणि मी चार पानं लिहून कळवलं की तो खोटारडा आहे. शाई चांगली वापरली. सही ठसठशीत केली.”

“मग मला आज का आणलंत?”

“वाटलं, अजून चालता येतंय हे एकदा दिसलं तर मलाच पटेल. त्या दिवशी चालत आले होते म्हणून.” त्या हसल्या, पण तोंड वाकडं करून. “तू घड्याळ लावून चालत होतीस आणि मी आपली मनात म्हणतेय, देवा, पोचू दे. आणि त्याच दमात, नको पोचू देऊस. तुझा देव मंगळवारी जागा असतो वाटतं.”

मी त्यांचा हात हातात घेतला. गार होता. मी म्हणाले, “पत्र मागे घेता येईल. खरं लिहू. दंड होईल, होऊ दे. पास गेला तर मंगळवारी मी नेईन तुम्हाला, मोटारीने.”

“तुझी मोटार? त्यापेक्षा हे बरं,” त्या म्हणाल्या आणि खुब्यावर थाप मारून कळवळल्या. मग गंभीर झाल्या. “लिहायचं नाही. लिहून मी फार शहाणी होते. उभं राहून सांगायचंय, त्या भोगलसमोर. तो येणार आहे गुरुवारी.”

नऊ पंचेचाळीसला सूचना वाजली. पुढच्या गाडीला अजून सतरा मिनिटं होती. शेवटची दोन गाणी मिळणार होती.

“बॅब, तू साक्षीदार म्हणून येऊ नकोस,” त्या म्हणाल्या. “गीता घरी ठेव. तू माझ्या शेजारी बस. बसू देतात, मी तेही विचारून घेतलंय. ते विचारतील, कुठे चढलात? आणि मला ठाऊक आहे, माझी जीभ आधी राउलीच म्हणायला जाईल. तशी जायला लागली की माझी बाही ओढ. जोरात ओढ हं. हा कोट जाड आहे.”